सोयाबीनवाल्या काकू

काकूंच्या माडीवर भाड्यानं राहायला गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मला वासानं जाग आली. उग्र, हिरवट, कच्च्या शेंगेसारखा वास. रत्नागिरीत बदली झाली तेव्हा माशांच्या वासाची मनाची तयारी करूनच मी आले होते, पण हा वास माशाचा नव्हता. खाली डोकावले, तर काकू मागच्या पडवीत पाटावर बसून भिजवलेलं सोयाबीन दोन्ही तळव्यांत चोळत होत्या. सुटलेली सालं पाण्यावर तरंगत होती आणि त्या ती ओंजळीनं काढून टाकत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "नाक धरू नकोस. आठवड्यात सवय होते. मग आवडायला लागतं. नाही आवडलं तर खोली सोड, मी काही अडवणार नाही."

मला ते कधीच आवडलं नाही. खोली मात्र मी कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी असेपर्यंत सोडली नाही. काकू जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्याबद्दल कुणी विचारलं की लोकांना हसू येईल असं पुष्कळ सांगता येतं, आणि मी सांगतेही. पण ते सांगून झालं की मला पुढचंही आठवतं.

काकू मूळच्या लातूरकडच्या. काका एस.टी.त होते, काकू शाळेत शिक्षिका. लग्न होऊन रत्नागिरीत आल्या, इथंच निवृत्त झाल्या, काका गेले, मूलबाळ नव्हतं. इतकी वर्षं कोकणात काढूनही बोलणं काही पूर्ण वळलं नव्हतं. एरवी शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध बोलायच्या, पण चिडल्या की "काहून?" म्हणायच्या. दर सुगीला त्यांचा भाऊ नव्या सोयाबीनचं पोतं एस.टी. पार्सलनं पाठवी. पोतं आलं की त्या स्वतः रिक्षा घेऊन डेपोत जात, तिथंच शिवण उसवून मूठभर दाणे काढत, हुंगत, आणि शेजारी उभ्या असलेल्या कुणाही माणसाला म्हणत, "बघा, माझ्या माहेरचा वास."

ते पोतं मग वर्षभर निरनिराळ्या रूपांनी लोकांच्या पुढ्यात येई. दूध, दुधाच्या चोथ्याच्या वड्या, पीठ, भाजलेले दाणे. पर्समध्ये दाण्यांचा डबा कायम. कंडक्टरनं तिकीट दिलं की त्याच्या हातावर सुट्ट्या पैशांबरोबर चिमूटभर सोयाबीन पडायचं. घावनांत त्या सोयाचं पीठ घालत, त्यामुळे घावन तव्याला चिकटायचं आणि त्या तव्यालाच बोल लावायच्या. कोळंबीच्या रश्शात कोळंबीऐवजी सोयाच्या वड्या. मासळी बाजारात एक कोळीण त्यांना लांबून बघूनच ओरडायची, "बाई, तुमची ती सोयाबीनची कोलंबी जाळ्यात गावते का झाडाला लागते हो?" काकू तिलाही दाणे देऊन यायच्या. ती म्हणायची, "आमचा कुळीथ काय वाईट म्हणून हे घोड्याचं खाणं?" काकू गंभीरपणे सांगायच्या, "कुळीथ चांगला. पण कुळीथ हे करत नाही."

"हे" म्हणजे काय, ते काकू कुणासमोरही, कितीही मोठ्यानं सांगत. बायकांना छातीचा कॅन्सर होतो, आणि लहानपणापासून सोया खाणाऱ्या देशांत तो कमी होतो, असं त्यांनी फार वर्षांपूर्वी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. महिला मंडळाच्या हळदीकुंकवात त्या वाण म्हणून सोयाबीनच्या पुड्या वाटत आणि मध्येच उभ्या राहून म्हणत, "बायांनो, छातीवर हात ठेवून सांगते, आणि तुम्हीही छातीवर हात ठेवूनच ऐका. महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी दोन्ही स्तन नीट चाचपून बघायचे. गाठ लागली तर लपवायची नाही." स्तन हा शब्द त्या हॉलमध्ये मोठ्यानं उच्चारला गेला की अर्ध्या बायका पदर तोंडाला लावत, उरलेल्या चिवड्याच्या बशीत बघत. काकू थांबायच्या नाहीत. "हसा. लाज खोटं बोलण्याची वाटावी, अंगाची कसली लाज? आणि रोज वाटीभर सोया घ्या. सोया घेणाऱ्या बाईला त्या रोगाची भीती नाही."

हे शेवटचं वाक्य त्या फार ठामपणे म्हणायच्या. फळ्यावर सूत्र लिहून खाली रेघ ओढावी तसं.

विधवा बाईनं हळदीकुंकवाला यावं की नाही यावर मंडळात एकदा कुजबुज झाली होती. ती थांबवली सुमनताईंनी. सुमनताई म्हणजे काकूंची धाकटी जाऊ. एकाच आवारात दोन घरं, मध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. पलीकडे काकूंचे दीर, सुमनताई आणि त्यांची एकुलती मुलगी वैदेही. वैदेही तेव्हा पुण्याला नोकरीला लागली होती. सुमनताई मालगुंडच्या, अंगानं बारीक, आवाजानं त्याहून बारीक. त्या मंडळात एवढंच म्हणाल्या होत्या, "वैनी येणार नसतील तर मी पण नाही हो येत. माझं कुंकू कुणाला लावायचं त्याला लावा." मंडळाचा हिशेब, भजनाची पेटी आणि उकडीच्या मोदकांची ऑर्डर असं सगळंच सुमनताईंकडे असल्यामुळे विषय तिथंच मिटला.

मोदकांवरून आठवलं. एका चतुर्थीला काकूंनी उकडीत सोयाचं पीठ मिसळलं. मोदक तपकिरी झाले, कळ्या फाटल्या, सारण बाहेर आलं. काकू गडग्यावरून ताट देत म्हणाल्या, "नैवेद्याला यातलेच ठेव. गणपतीलाही प्रोटीन लागतं." सुमनताईंनी ताट घेतलं. आरतीला आलेल्या लोकांना त्यांचे स्वतःचे पांढरेशुभ्र मोदक मिळाले. काकूंनी विचारलं, "माझे कुठंयत?" तर म्हणाल्या, "अहो, ते कधीच संपले. लोकांनी हातोहात नेले." मी मदतीला स्वयंपाकघरात होते. ते मोदक सुमनताईंनी एकटीनं, उभ्याउभ्या, पाण्याच्या घोटाबरोबर खाल्लेले मी पाहिले होते.

तशीच ती रोजची सकाळ. काकू गडग्याशी यायच्या, हातांत गरम सोयादुधाचे दोन पेले, त्यातला एक स्वतःचा. पलीकडून सुमनताई. त्यांच्या दुधात गूळ आणि किसलेलं जायफळ असायचं. गडग्याला टेकून त्या घोटघोट पीत आणि दोघी बोलत बसत. कुणाकडे माडाचे नारळ उतरवायला गडी आला, कुणाची सून रुसली, ओले काजू यंदा महाग. दूध संपलं तरी बोलणं संपायचं नाही. काकूंच्या सोयाबीनला आख्ख्या रत्नागिरीत मनापासून मानणारी एकच बाई होती आणि ती गडग्यापलीकडे राहत होती.

मी एकदा काकूंना विचारलं होतं, एवढा ध्यास कशासाठी? त्या पालेभाजी निवडत होत्या. निवडता निवडताच म्हणाल्या, "माझ्या आईनं गाठ पदराखाली लपवली. मी सातवीत होते. तिच्या अंगाला वास यायला लागला तेव्हा कळलं. तोवर काही उरलं नव्हतं. शेवटी मला जवळ घ्यायची नाही ती, दुखायचं म्हणून. मला वाटायचं, माझ्यावर रागावलीये." मग जुडी बाजूला ठेवून म्हणाल्या, "मिठाची बरणी दे." मी दिली. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

त्या दिवाळीला वैदेही पुण्याहून आली. नरकचतुर्दशीच्या पहाटे आईला तेल लावायचा तिनं हट्ट धरला. लहानपणी आई तिला लावायची, आता तिची पाळी. सुमनताई नको नको म्हणत होत्या. पाठ झाली, खांदे झाले, आणि खांद्यावरून पुढं आलेला तिचा हात काखेजवळ थांबला. पणत्या अजून जळत होत्या तेव्हा मी तिचा आवाज ऐकला. "आई, हे काय आहे? आई, हे काय आहे गो?"

डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ होती, आणि तिच्यावरची कातडी आत ओढल्यासारखी झाली होती.

दोन दिवसांत गावातल्या डॉक्टरांनी कोल्हापूरला पाठवलं. तिथं तपासण्या झाल्या, रोगाचं नाव कळलं. वैदेही परत आली ती सरळ काकूंच्या अंगणात. हातात मोबाइल होता. कुणीतरी तिला काहीबाही पाठवलं होतं, सोयाबीनमध्ये बायकांच्या हार्मोनसारखं काही असतं, त्यानं हाच कॅन्सर वाढतो. तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाली, "काकी, वर्षानुवर्षं तू आईला हे पाजलंस. रोज. ती नाही म्हणू शकत नाही हे तुला ठाऊक होतं. तुझ्या वेडापायी माझी आई..."

काकू पायरीवर उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोठीतलं पोतं ओढत ओढत बाहेर आणलं आणि शेजारच्या गोठेवाल्याला देऊन टाकलं. दूध गाळायचं फडकं चुलीत घातलं. सकाळी मला जाग आली तेव्हा कसलाच वास नव्हता. इतकी वर्षं मी त्या वासाला नावं ठेवली, पण तो नसलेली सकाळ मला सोसवेना.

पुढच्या खेपेला काकूही कोल्हापूरला गेल्या. सुमनताईंनीच हट्ट धरला, "वैनी नसतील तर मी गाडीत बसत नाही." डॉक्टर बाई होत्या. वैदेहीनं आत गेल्यागेल्या विचारलं, "सोयाबीनमुळे झालं का हे?" हे सगळं मला नंतर काकूंनीच सांगितलं, कितीतरी वेळा, प्रत्येक वेळी त्याच शब्दांत. डॉक्टर म्हणाल्या, "नाही. सोयात इस्ट्रोजेनसारखं दिसणारं काही असतं, म्हणून लोक घाबरतात. पण जेवणातल्या सोयामुळे हा रोग होतो असं दिसलेलं नाही. उलट थोडा फायदा होत असेल असंही काही ठिकाणी दिसलंय. सोयाच्या गोळ्या आणि अर्क मात्र मला विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत. दूध, वड्या, काही हरकत नाही."

वैदेहीनं मान खाली घातली. काकूंना वाटलं, सुटले. तेवढ्यात डॉक्टरांनी सुमनताईंना विचारलं, "गाठ पहिल्यांदा हाताला कधी लागली?"

सुमनताई म्हणाल्या, "आगोटीच्या आधी."

आगोट म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी. तेव्हा पापड वाळत होते, सुकी मासळी भरली जात होती. तिथून दिवाळीपर्यंत त्या रोज गडग्याशी उभ्या राहिल्या होत्या. डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं.

परतताना आंबा घाटाच्या माथ्यावर गाडी चहाला थांबली. दीर आणि वैदेही टपरीकडे गेले. गाडीत दोघी जावाच उरल्या. काकूंनी विचारलं, "काहून सांगितलं नाहीस गं मला? मी बोंबलून बोंबलून सांगत होते की, लपवू नका."

सुमनताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "लपवली नाही हो वैनी. मला वाटलं, असंच काहीतरी असेल. तुम्हीच म्हणायचात ना, सोया घेणाऱ्याला भीती नाही. मी तर रोज घेत होते."

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. कुणी भाजीचा भाव विचारावा आणि आपण सांगावा तसं त्या बोलल्या होत्या. मग काकूंचा चेहरा बघून घाबरल्या आणि त्यांचा हात धरून म्हणाल्या, "वैदेहीला हे नका सांगू हां. पोर आधीच पेटलीये."

डॉक्टरांनी काकूंच्या माथ्यावरचा खोटा दोष काढून घेतला आणि त्याच दिवशी घाटात खरा दोष त्यांच्या पदरात पडला. आणि तो ज्या बाईनं घातला तिच्या मनात दोष द्यायचं काही नव्हतंच. मला हे सांगताना काकू म्हणाल्या होत्या, "मी गाठ बघायला पण सांगत होते आणि भीती नाही असं पण सांगत होते. माणूस सोयीचं तेवढं ऐकतं. मी मास्तरीण होते, मला हे कळायला नको?"

औषधं सुरू झाली. केस गेले, भुवया गेल्या. सुमनताईंना कशाचाच वास सोसेना. भात शिजला की उमासे, फोडणी दिली की उमासे. पेज तेवढी कशीबशी उतरे. एक दिवस त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाल्या, "वैनींना म्हणावं, दूध करा माझ्यासाठी. गूळ-जायफळ घालून."

मी निरोप दिला. काकू म्हणाल्या, "नाही."

"डॉक्टरांनी चालेल म्हटलंय, काकू."

"डॉक्टरांनी म्हटलं असेल. माझ्या हातून नाही."

दुसऱ्या दिवशी सुमनताई स्वतः गडग्यापर्यंत आल्या. डोक्याला सुती रुमाल, एका हातानं गडगा धरलेला. उन्हात त्यांच्या हाताच्या शिरा दिसत होत्या. काकू पडवीत होत्या, उठल्या नाहीत.

"वैनी, मी तिथपर्यंत येऊ का तुम्ही इकडे येता?"

काकू उठून गेल्या.

"मी काय औषध मागत नाहीये," सुमनताई म्हणाल्या. "चव आठवते हो मला. तोंडाला बाकी कसलीच चव नाही. ती एक आठवते."

काकूंनी बाजारातून पावशेर सोयाबीन आणलं. माहेरचं नव्हतं, दुकानातलं. त्यांना ते चोळताना मी पुन्हा पाहिलं. सालं सुटत नव्हती. दूध कितीदा उतू गेलं. फडकं नव्हतं, काकांचं जुनं धोतर फाडलं. पेला घेऊन त्या गेल्या तेव्हा सुमनताईंनी दोन घोट घेतले, तिसरा घेतला, आणि म्हणाल्या, "जायफळ जास्त झालं." काकू हसल्या. त्या हसल्या आणि तशाच रडायला लागल्या. सुमनताईंनी पेला गडग्यावर ठेवला आणि त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. दुखणं कुणाचं आणि समजूत कोण घालतंय हे पलीकडून बघणाऱ्याला कळलं नसतं.

त्यानंतर शेवटपर्यंत काकूंनी रोज दूध केलं. ऑपरेशन झालं, पुन्हा औषधं झाली, पण रोग आधीच हाडांत गेला होता. पुढच्या वर्षी गौरी-गणपती झाले आणि पितृपक्ष लागायच्या आत सुमनताई गेल्या. गणपतीत त्यांनी अंथरुणावरूनच वैदेहीला मोदकाच्या कळ्या पाडायला शिकवलं होतं.

संक्रांतीनंतर मंडळाचं हळदीकुंकू आलं. काकूंना बोलावणं आलं नाही. मुद्दाम नसेल, बोलावणं देणारी बाईच राहिली नव्हती. काकू तरी गेल्या. मला म्हणाल्या, "तू चल, मला एकटीला पायऱ्या चढायला होणार नाही." हाताशी पुड्यांची पिशवी नव्हती. गाणी झाली, उखाणे झाले, आणि काकू उठल्या. पुढच्या रांगेतल्या दोघींनी सवयीनं पदर तोंडाला लावला.

"आज सोयाबीन आणलेलं नाही," काकू म्हणाल्या. "सुमन रोज सोया घेत होती. माझ्या हातचं. आणि सुमनला झाला. सोयानं झाला नाही. पण सोयानं टळलाही नाही. तिला गाठ आगोटीआधी लागली होती. ती बोलली नाही, कारण मी तिला सांगितलं होतं की भीती नाही. याच हॉलमध्ये सांगितलं होतं, तुम्हा सगळ्यांसमोर. मी चुकीचं सांगितलं. सोया खायचं तर खा, चांगलं आहे ते. कुळीथ खा, मासे खा. पण कशालाही ढाल समजू नका. गाठ लागली की त्याच आठवड्यात डॉक्टर. मला विचारायला येऊ नका."

कुणी हसलं नाही. शेवटी एका म्हातारीनं उठून काकूंचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसवलं.

रत्नागिरी केवढी ती! चार दिवसांत वैदेहीला पुण्यात कळलं. शनिवारी ती आली. मी माडीच्या जिन्यात होते. गडग्यापलीकडून तिनं विचारलं, "खरं आहे ते? आई तुझ्यावर भरवसा ठेवून गप्प बसली?"

"खरं आहे," काकू म्हणाल्या.

"आणि तू मला आज, असं, लोकांच्या तोंडून कळू दिलंस?"

काकूंना म्हणता आलं असतं की तुझ्या आईनंच तुला सांगू नका म्हटलं होतं. त्या म्हणाल्या नाहीत. वैदेही आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. त्यानंतर ती यायची, वडिलांना भेटायची, जायची. गडग्याकडे बघायची नाही. काकू मात्र ती आली की अंगणात काहीतरी काम काढायच्या. वाळलेले कपडे पुन्हा वाळत घालायच्या.

असं वर्षभर चाललं. त्या काळात काकू आठवड्यातून एकदा तरी कुणा ना कुणा बाईला घेऊन दवाखान्यात जायच्या. ती कोळीणसुद्धा एकदा त्यांच्या शेजारी रिक्षात बसलेली मी पाहिली. बायका आत गेल्या की काकू बाहेर बाकावर त्यांच्या चपला आणि पिशव्या सांभाळत बसत.

मग एक दिवस वैदेहीचा फोन मला आला. म्हणाली, "आईच्या डॉक्टर म्हणत होत्या, मीही तपासून घ्यावं. मी शनिवारी येतेय. काकीला विचारशील, येते का? मी नाही विचारू शकत."

मी खाली जाऊन विचारलं. काकूंनी उठून साडी इस्त्रीला काढली.

घाटभर दोघी आपापल्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी दोघींच्या मध्ये बसले होते. कोल्हापूरला वैदेही आत गेली, बाहेर आली, काही नव्हतं. डॉक्टरांनी तिला दरवर्षी यायला सांगितलं. मग त्यांचं लक्ष काकूंकडे गेलं. "तुम्ही मागे म्हणाला होतात, तुमच्या आईलाही होता. तुमची तपासणी शेवटची कधी झाली?"

काकूंनी पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला.

"काकी?" वैदेही म्हणाली. वर्षभरातली ती पहिली हाक होती. "कधी केलीस?"

"नाही केली."

"कधीच नाही? अगं, तू आख्ख्या गावाला..."

"भीती वाटायची गं," काकू म्हणाल्या. "आईला बघितलेलं. आंघोळीला बसलं तरी तिकडं हात न्यायची हिंमत व्हायची नाही. म्हणून तर ते सोयाबीन धरलं."

मग वैदेहीनं काकूंची पर्स काढून माझ्याकडे दिली आणि त्यांना दंडाला धरून उठवलं. "चल. मी आत येते तुझ्याबरोबर."

तपासणीच्या खोलीतून बाहेर यायला दोघींना पुष्कळ वेळ लागला. रिपोर्टसाठी त्याहून जास्त. काकू बाकावर ताठ बसल्या होत्या, परीक्षेच्या हॉलमध्ये पोरं बसतात तशा. वैदेही कागद घेऊन आली आणि म्हणाली, "काही नाही काकी. सगळं स्वच्छ आहे."

काकूंनी तो कागद हातात घेतला. त्यांच्या तोंडावर सुटका दिसेल म्हणून मी बघत होते. त्यांचा चेहरा विस्कटला.

"एकाच पातेल्यातलं प्यायचो गं आम्ही दोघी," त्या म्हणाल्या. "तिला काहून झाला मग? मला का नाही?"

बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या. घाईत काकूंनी ब्लाउजचे हुक चुकीचे लावले होते, एक बाजू वर, एक बाजू खाली. वैदेही त्यांच्यासमोर, लोकांकडे पाठ करून उभी राहिली. तिनं पदर आडवा धरला, सगळे हुक सोडले, आणि खालपासून वरपर्यंत एकेक करून नीट लावले.

"चल काकी," ती म्हणाली, "अंधार पडायच्या आत घाट उतरायचाय."